शकुसाठी लॅपटॉप

मुलुंड (पूर्व)
८ सप्टेंबर २०२५

प्रिय गंधाली,

तुझ्या नावाचं एक पाकीट आमच्या पत्त्यावर आलंय. तुझ्या आधीच्या कंपनीचं दिसतंय, फंडाचं काहीतरी असावं. उघडलेलं नाही, सोबत पाठवते आहे. तुझा बोरिवलीचा पत्ता वकिलांच्या कागदांवर होता, तिथून घेतला. मी हे पत्र लिहितेय हे केयूरला माहीत नाही. तुझा नवा नंबर माझ्याकडे नाही, आणि असता तरी मी फोन केला नसता. काय बोलायचं ह्या विचारात तूही पडली असतीस आणि मीही.

घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं. पाकीट नुसतं पुढे पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण एक काम आहे. समोरच्या शकुला लॅपटॉप घ्यायचाय. शकु तुला आठवत असेल, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तू तिच्या डोळ्यांत थेंब घालायला जायचीस. तिचा जुना लॅपटॉप बंद पडलाय. रोजच्या वापरासाठी हवाय आणि चाळीस हजारांच्या वर जायचं नाही. घरची मंडळी म्हणतात टॅब घे. तिला टॅब नकोय.

दुकानात गेलं की तो माणूस काय बोलतो ते आम्हाला कळत नाही. तू ऑफिससाठी सहा लॅपटॉप घेतले होतेस, ते मला आठवतंय. उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. दिलंस तर बरं होईल.

इरावती दिघे


बाभई, बोरिवली (पश्चिम)
१५ सप्टेंबर २०२५

श्रीमती इरावती दिघे यांना,
सादर नमस्कार.

पाकीट मिळालं. फंडाचंच होतं, मी सहा महिने त्याच कागदासाठी कंपनीला मेल करत होते. तुम्ही न उघडता पाठवलंत, आभारी आहे.

आधी एक सांगते. पत्राच्या सुरुवातीला ‘आई’ लिहिलं होतं, ते खोडून नवा कागद घेतला. आता ते बरोबर नाही. काकू म्हणते, चालेल ना?

लॅपटॉपचं म्हणाल तर ‘रोजचा वापर’ एवढ्यावरून काही सांगता येत नाही. रोजचा वापर प्रत्येकाचा वेगळा असतो. शकुताई त्यावर नेमकं काय करणार आहेत? नुसते व्हिडिओ बघायचे असतील तर टॅब खरंच पुरेल. काही लिहायचं आहे का, आणि मराठीत की इंग्रजीत? घरातच राहणार की कुठे न्यावा लागेल? जुना किती वर्षांचा आहे आणि बंद पडला म्हणजे नेमकं काय झालं? त्यातलं काही परत हवंय का?

एवढं कळवा. पोस्टानेच कळवलंत तरी चालेल.

गंधाली वर्तक


मुलुंड
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय गंधाली,

काकू चालेल.

शकुचं म्हणणं असं. तिला एक करारनामा वाचायचाय, मेलवर पीडीएफ आली आहे, दोनशे चौदा पानं. मोबाईलवर अक्षर मोठं केलं की ओळ अर्धी बाहेर जाते, आणि ओळ दिसेल एवढं केलं की अक्षर मुंगीएवढं. टॅबवरही तेच होणार. वाचता वाचता बाजूला टिपणं काढायची आहेत, आणि नंतर एखादं पत्र मराठीत टाइप करायचंय. मराठी टायपिंग तिला येतं. सरकारी नोकरीत तीस वर्षं केलेलं आहे, फक्त कळा आता जरा मोठ्या हव्यात. न्यावा लागला तर गच्चीपर्यंत, मीटिंगला.

जुना लॅपटॉप अकरा वर्षांचा. एका बाजूची बिजागरी तुटली आहे. खालून फुगल्यासारखा झालाय, टेबलावर ठेवला की डुगडुगतो. ह्यांनी त्याला रबरबँड लावून ठेवला होता, तोही तुटला. मध्ये एकदा सुरू झाला, चार्जिंगला ठेवला की चालेल असं वाटतं. आत सोसायटीचे सगळे जुने कागद स्कॅन करून ठेवलेले आहेत, ते हवेत.

माझी तब्येत बरी आहे. तू विचारलं नव्हतंस, तरी लिहिते.

इरावतीकाकू


बोरिवली
२६ सप्टेंबर २०२५

काकू,

सगळ्यात आधी: तो जुना लॅपटॉप चार्जिंगला लावू नका. आज नाही, उद्या नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. खालून फुगलाय म्हणजे बॅटरी फुगली आहे. ती पेट घेऊ शकते. तो उचलून गॅलरीत फरशीवर ठेवा, पडदे-कपड्यांपासून लांब. कागदांची काळजी करू नका. ते आतल्या डिस्कवर असतात, लॅपटॉप मेला तरी डिस्क बहुतेक जिवंत असते.

दुसरं. हा लॅपटॉप शकुताईंसाठी नाही. त्यांचे यजमान मी लग्न होऊन यायच्या आधीच गेले होते. रबरबँड बाबांनी लावला होता, मी समोर बसले होते. तीस वर्षं टायपिंगही शकुताईंनी केलेलं नाही, त्या बालवाडीत शिकवायच्या. तुम्हाला स्वतःसाठी हवाय असं लिहिलं असतंत तरी मी उत्तर दिलं असतं. पण घरात केयूर आहे, कॉम्प्युटरवरच नोकरी करतो, आणि तुम्ही मला विचारताय. का, ते सांगायचं असेल तर सांगा.

आता तुमच्यासाठी काय घ्यायचं ते.

चाळीस हजारांत चांगला नवा लॅपटॉप मिळतो, कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. तुम्हाला वाचायचं आहे म्हणून पडदा मोठा हवा, साडेपंधरा इंचांचा, फुल एचडी, आणि चकचकीत नको. तुमच्या हॉलमध्ये दुपारी खिडकीतून ऊन येतं, चकचकीत पडद्यात तुम्हाला तुमचाच चेहरा दिसेल. रॅम आठ जीबीच्या खाली घ्यायची नाही. चारची घेतलीत तर दोनशे पानांची फाइल आणि टिपणं एकदम उघडल्यावर तो रडत बसेल. पुढे रॅम वाढवायची सोय आहे का, हे विचारा. आतली जागा पाचशे बारा जीबी, आणि ती एसएसडीच हवी. प्रोसेसर आय-थ्री चालेल, किंवा दुसऱ्या कंपनीचा त्याच तोडीचा, पण गेल्या दोन-तीन वर्षांतला. दुकानदार आय-सेव्हन म्हणून सहा वर्षांपूर्वीचा माल पुढे करेल, त्याला भुलू नका.

जुना दुरुस्त करून घ्यायचाही विचार करू नका. त्याच्यातल्या विंडोज टेनचे सुरक्षेचे अपडेट येत्या ऑक्टोबरमध्ये बंद होतायत आणि नवी विंडोज त्या वयाच्या मशीनवर चालत नाही. वापरलेले, तपासून विकलेले लॅपटॉप वीस-पंचवीस हजारांत मिळतात आणि चांगलेही असतात. माझा स्वतःचा तसाच आहे. पण बिघडला तर तो घेऊन हिंडावं लागतं. तुम्ही नवाच घ्या, घरी येऊन दुरुस्त करून देण्याच्या वॉरंटीचा.

आणि दुकानात पाटी वाचून घेऊ नका. हातात घ्या, टेबलावर ठेवा, मराठीत चार ओळी टाइप करून बघा. कळा बोटांना आवडल्या पाहिजेत. बाकी सगळं मी सांगू शकते, हे नाही.

गंधाली


मुलुंड
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय गंधाली,

पकडलंस. शकु म्हणाली, माझं नाव घातलंस तर निदान मला विचारायचं तरी, मी काय टायपिंग करते?

लॅपटॉप त्याच दिवशी गॅलरीत नेऊन ठेवला.

का ते सांगते. आमची मैत्रेय सोसायटी पाडून नवी बांधायची ठरली आहे. बिल्डरने कराराचा मसुदा पाठवलाय. अनिरुद्ध पोतदार अध्यक्ष आहेत, तिसऱ्या मजल्यावरचे. ते म्हणाले, वहिनी, वाचून काय करणार, वकिलाने बघितलंय, सगळे सह्या करतायत. केयूर म्हणाला, मी वाचलंय आई, ठीक आहे, सही कर. मी विचारलं, किती वाचलंस? म्हणाला, मुख्य मुख्य. घर माझ्या नावावर आहे. हे गेल्यावर ते माझ्या नावावर करायला मी अकरा फेऱ्या घातल्या होत्या. मुख्य मुख्य वाचून मी सही करणार नाही.

त्याच्याकडे लॅपटॉप मागितला असता तर त्याने त्याचा जुना दिला असता, स्वतः उघडून, स्वतः पान काढून, इथे बघ म्हणून. तो वाईट नाही. पण तो दाखवेल तेवढंच मला दिसलं असतं. हे तुला जास्त सांगायला नको.

काल शकुला घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात गेले. तुझं पत्र पर्समध्ये. दुकानात पन्नाशीचा एक विक्रेता, टाय लावलेला. म्हणाला, “आजी, तुम्हाला साधाच हवा ना, हा बघा, बावीस हजार, दिवाळीची ऑफर, वर बॅग फ्री.”

मी विचारलं, “आत जागा किती?”

“भरपूर आहे.”

“भरपूर म्हणजे किती?”

“चौसष्ट.”

“आणि रॅम?”

“चार. तुम्हाला पुरेल हो, तुम्ही काय गेम खेळणार आहात का?”

मी म्हटलं, “मी दोनशे चौदा पानांचा करार वाचणार आहे. आठ आणि पाचशे बारा दाखवा. आणि पडदा चकचकीत नको.”

मग तो आत गेला आणि त्याचा मालक बाहेर आला. मालकाने तीन काढून ठेवले. पहिल्याच्या कळा खोल होत्या, बोट अडकल्यासारखं होई. दुसरा हलका होता पण चौदा इंची. तिसऱ्यावर मी माझं नाव, पत्ता आणि ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ एवढं टाइप केलं. शकु म्हणाली, इरा, तुझा हात अजून तसाच चालतोय. तोच घेतला. रॅम पुढे वाढवता येते, विचारून घेतलं. अडतीस हजार पाचशे. आणखी तीन हजारांची जादा वॉरंटी आणि व्हायरसचं काहीतरी तो गळ्यात मारत होता. ते तू लिहिलं नव्हतंस, म्हणून घेतलं नाही.

केयूर घरी आला तेव्हा लॅपटॉप टेबलावर होता. म्हणाला, “मला सांगायचं ना.” मी म्हटलं, “आता सांगतेय.” त्याने उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, “चांगला घेतलास. कोणी सांगितलं?” मी म्हटलं, माहितीतलं एक जण आहे.

आता त्या डिस्कचं काय करू?

इरावतीकाकू


बोरिवली
११ ऑक्टोबर २०२५

काकू,

उत्तम लॅपटॉप घेतलात. जादा वॉरंटी घेतली नाहीत हेही बरोबर, व्हायरससाठी विंडोजचं स्वतःचं पुरतं.

जुन्या लॅपटॉपची डिस्क तुम्ही काढू नका. बॅटरी फुगलेली आहे. दुरुस्तीच्या दुकानात नेऊन सांगा, डिस्क काढून बाहेरच्या केसमध्ये बसवून द्या. तुमच्यासमोर करून घ्या, अर्धा तास लागतो. ती पेन ड्राइव्हसारखी नव्या लॅपटॉपला लावता येते. बॅटरी त्यांच्याकडेच टाकायला द्या, कचऱ्यात नको. आणि डिस्क हातात आली की पहिलं काम म्हणजे सगळं नव्यात उतरवून घ्या.

खाली माझा ईमेल लिहिलाय. आता तुमच्याकडे टाइप करायला आहे.

गंधाली


ईमेल
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय गंधाली,

हा मी नव्या लॅपटॉपवरचा पहिला मोठा ईमेल लिहितेय. दिवाळीचे चार दिवस सोडले तर रोज सकाळी दहा ते एक वाचत होते. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा पानं झाली.

मुख्य करार ठीक आहे. वकिलाने खरंच बघितलाय, उगाच कोणाला नावं ठेवत नाही. पण शेवटी परिशिष्टं आहेत. एकशे शहाण्णव पानावर कोणाचं सध्याचं घर किती चौरस फुटांचं, त्याचा तक्ता आहे. त्यावरून नवीन घर किती मोठं मिळणार ते ठरतं. आमच्या तळमजल्याच्या चारही घरांचं माप चुकलंय. प्रत्येकी बेचाळीस फूट कमी.

बेचाळीस म्हणजे मागची गॅलरी. ती फक्त तळमजल्याला आहे. अठ्ठ्याण्णव साली हे सेक्रेटरी असताना सगळ्यांनी मिळून महापालिकेची परवानगी काढून, शुल्क भरून ती घरात घेतली होती. बिल्डरच्या माणसाने त्याआधीचा नकाशा धरलाय. मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. पण पोतदार तिसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांना कुठून दिसणार.

डिस्क लावली. ह्यांनी वर्षाप्रमाणे फोल्डर केलेले आहेत. १९९८, मग ‘गॅलरी’, मग परवानगीचं पत्र, शिक्क्यासकट, आणि पावत्या. तिरकं स्कॅन झालंय, पण सगळं वाचता येतंय. मी बराच वेळ काही न करता ते बघत बसले. ह्यांची सही किती मोठी असायची.

केयूरला पान दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, “परिशिष्ट मी उघडलंच नव्हतं.” एवढंच म्हणाला, पण म्हणाला.

९ नोव्हेंबरला रविवारी सर्वसाधारण सभा आहे. त्यात मांडणार आहे. सात पानी निवेदन टाइप केलंय, सोबत जोडते. बघशील?

इरावतीकाकू


ईमेल
३० ऑक्टोबर २०२५

काकू,

वाचलं. माझ्या ऑफिसात कोणी असं काम करून आणलं असतं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी बढती दिली असती.

पण सात पानं सभेत कोणी ऐकणार नाही. एक पान करा. वर चार घरांचे नंबर, समोर करारातलं माप, त्याच्यासमोर खरं माप. खाली परवानगीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख. मागणी एकच ठेवा: सह्यांआधी पुन्हा मोजणी. इतिहास कोणी विचारला तर सांगा. त्या एका पानाच्या प्रती सगळ्यांच्या हातात द्या आणि मूळ पत्र लॅपटॉपवर उघडून ठेवा, म्हणजे कोणी शंका काढली की तिथेच दाखवता येईल. बॅटरी पूर्ण भरून न्या.

शकुताईंना तुमच्या शेजारी बसवा.

गंधाली


मुलुंड
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय गंधाली,

हे हाताने लिहितेय. टाइप केलं असतं तर खोडता आलं असतं.

सभा गच्चीवर झाली. तुझ्या सांगण्याप्रमाणे एक पान केलं. तळमजल्याचे सगळे लगेच माझ्या बाजूने झाले, पहिल्या मजल्याचेही हळूहळू झाले. पोतदार म्हणाले, वहिनी, ह्या जुन्या गोष्टी आहेत, तो कागद कोणी बघितलाय? मी म्हटलं, मी दाखवते, आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ते चष्मा शोधू लागले. तेवढ्यात चहा आला. पोतदार म्हणाले, “आधी चहा घेऊ, वहिनी, ते बंद करा आता,” आणि त्यांनी हात पुढे करून झाकण खाली दाबायला घेतलं.

मी म्हटलं, “हात काढा.”

माझा आवाज एवढा चढलेला मी स्वतःही कधी ऐकला नव्हता. पोतदारांनी हात काढला. मी पत्र मोठ्याने वाचलं, क्रमांकासकट. बिल्डरचा आर्किटेक्ट आलेला होता. त्याने फोनवर फोटो घेतला आणि म्हणाला, आमच्याकडे जुना नकाशा आला असणार, पुढच्या आठवड्यात मोजणी करतो. सभेने तसा ठराव केला. पोतदारही नंतर येऊन म्हणाले, वहिनी, बरं झालं बघितलंत. म्हणजे काम झालं.

आता दुसरं.

त्यांचा हात त्या झाकणावर बघितला आणि मला माझा हात दिसला. तीन वर्षांपूर्वी, एप्रिलमधला गुरुवार. तू हॉलमध्ये टेबलाशी बसून बोलत होतीस, कानाला हेडफोन. डोंबिवलीच्या माझ्या नणंदा आल्या. मी येऊन तुझ्या लॅपटॉपचं झाकण खाली केलं आणि म्हटलं, पाहुणे आलेत, नंतर कर. वांद्र्याच्या कंपनीचा तो इंटरव्ह्यू होता. तो परत झाला नाही.

संध्याकाळी तू केयूरला सांगितलंस. मी म्हटलं, मला काय माहीत तिचा इंटरव्ह्यू आहे ते, मला वाटलं मैत्रिणीशी बोलतेय. केयूर तुला म्हणाला, तू फार वाढवून सांगतेस.

मला माहीत होतं. सकाळी तू गॅलरीत तुझ्या आईशी फोनवर बोललीस, चार वाजता आहे म्हणून. मी आतल्या बाजूने कपड्यांच्या घड्या करत होते. मला वाटलं, ही नोकरी लागली की ही तिकडेच घर बघणार आणि केयूर हिच्यामागे जाणार, आणि हे घरात आजारी. त्या वेळी तेवढंच डोक्यात होतं. ते कारण आहे, सबब नाही.

परवा केयूरलाही सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, “म्हणजे ती खरं बोलत होती.” मी हो म्हटलं. त्याने ताट तसंच ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. दोन दिवस माझ्याशी फारसं बोललेला नाही.

तुमचा संसार मी मोडला, असं मला वाटतं. मला माफ कर असं लिहायला बसले होते, पण ते मागायचं कसं हे मला कळत नाही. जे झालं ते लिहिलंय.

इरावती


बोरिवली
१० डिसेंबर २०२५

काकू,

पत्र मिळून चार आठवडे होत आले. पहिल्यांदा वाचलं आणि फाडणार होते. मग ऑफिसच्या बॅगेत ठेवलं आणि अंधेरीला नेलं-आणलं, रोज. म्हणून उशीर.

तुमच्यामुळे संसार मोडला नाही. एवढं मोठं काम तुम्ही एकट्याने केलेलं नाही. केयूर आणि मी दोघांनी ते पाच वर्षं लावून केलं. त्याला प्रत्येक गोष्ट माझ्या वतीने ठरवायची होती, आणि मी भांडण नको म्हणून पहिली तीन वर्षं ठरवू दिली. झाकणाचा तो एक दिवस नसता तरी मी गेलेच असते.

पण एक तुम्हाला माहीत नाही. ‘वाढवून सांगतेस’ हे मी इतक्यांदा ऐकलं की पुढे मला स्वतःलाच शंका यायची. वाटायचं, तुम्ही म्हणालात माहीत नव्हतं, तर खरंच माहीत नसेल. मीच उगाच मनात धरलंय. अजूनही ऑफिसात काही घडलं की मी आधी स्वतःला विचारते, हे खरंच झालं की मला वाटलं? तुमचं पत्र वाचून मला कळलं की त्या गुरुवारी मी बघितलं ते बरोबर बघितलं होतं. तुम्ही झाकण खाली करताना माझ्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. ते माझ्या लक्षात होतं.

माफ केलं असं मी आज लिहीत नाही. कधी लिहीन तेही माहीत नाही. खोटं लिहून मोकळं होण्यापेक्षा हे बरं. केयूरला सांगितलंत, ते सोपं नसणार, हे मला कळतं.

आता माझं एक काम आहे. बोरिवली पूर्वेला वन रूम किचन घेतेय, बांधकाम चालू आहे. माझ्या एकटीच्या नावावर. कराराची एक्क्याण्णव पानं आहेत. बिल्डरच्या ऑफिसात म्हणतात, सगळ्यांचा हाच असतो. माझा दादा म्हणतो, सही कर. मी तीनदा वाचलाय, आणि तिसऱ्यांदा वाचताना मला काहीच दिसेनासं झालं. सह्या २२ तारखेला, सोमवारी आहेत.

पीडीएफ मेलवर पाठवली आहे. वाचाल का?

गंधाली

नंबरही लिहिते: पाकिटाच्या आत, मागच्या बाजूला.


ईमेल
१७ डिसेंबर २०२५

प्रिय गंधाली,

पत्र काल मिळालं, पण पीडीएफ मेलवर दहा तारखेलाच आलेली बघितली आणि लगेच वाचायला घेतली. पाच सकाळी लागल्या. नंबर फोनमध्ये घातलाय. फोन करणार नाही, तू केलास तर घेईन.

तुझा करार वाईट नाही. तीन जागा आहेत.

पान ३७. पार्किंगची जागा सोबतच्या नकाशात दाखवल्याप्रमाणे, असं लिहिलंय. सोबत नकाशाच नाही. मी फाइल दोनदा तपासली. नकाशा मागून घे, त्याच्यावर त्यांची सही पाहिजे.

पान ५२. ताबा डिसेंबर २०२७ ला. पण पान ६४ वर, कारण न सांगता बारा महिने पुढे ढकलता येईल, असं आहे. हे कोणीही एकदम वाचत नाही, म्हणून सुटतं. दोन्ही पानं समोर ठेवून विचार. निदान कारण लेखी द्यावं लागेल एवढं तरी घालून घे.

पान ८८. तुझं नाव ‘गंधाली केयूर दिघे’ असं पडलंय. बाकी सगळीकडे ‘गंधाली वर्तक’ आहे. कुठल्या तरी जुन्या ओळखपत्रावरून उचललेलं असणार. हे तीनदा वाचूनही तुला दिसलं नाही, ह्याचं मला नवल वाटत नाही. डोळे तिथून पुढे सरकतात. ते बदलून घेतल्याशिवाय पुढचं काही करू नकोस.

माफीचं तू लिहिलंस ते बरोबर लिहिलंस. मला घाई नाही. तूही करू नकोस.

केयूर आता बोलतो. आमच्याकडे मोजणी झाली, बेचाळीस फूट मान्य झाले, सुधारलेलं परिशिष्ट आलं. ते त्याने बसून ओळन्‌ओळ वाचलं आणि मग मला म्हणाला, आता तू वाच.

सोमवारी मी बोरिवलीला येऊ का? मुलुंडहून बस मिळते, सकाळी निघाले तर वेळेत पोचेन. तुझ्या घरी यायचं असं मनात नाही, थेट बिल्डरच्या ऑफिसात येईन, पत्ता कळव. आत मी काही बोलणार नाही. बोलायचं तू. मी शेजारी बसेन आणि तू मागशील ते पान काढून देईन.

इरावतीकाकू